हायड्रोजनरावांना नोकरी लागत नाही हो!

अहो, ऐकलंत का? हायड्रोजनरावांचं दक्षिण ऑस्ट्रेलियातलं प्रकरण मोडलं! हो, तेच, वायॲलाचं. तीन वर्षं गावभर डांगोरा पिटत होते, राव येणार, प्रकल्प उभा राहणार, पोराबाळांच्या हाताला काम मिळणार. योजनेचं नावच मुळी ‘हायड्रोजन जॉब्स प्लॅन’. आणि २०२५च्या फेब्रुवारीत काय झालं? रावांसाठी बाजूला काढलेले ५९ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर गावातल्या आजारी पोलाद कारखान्याच्या औषधपाण्याकडे वळवले, आणि रावांसाठी थाटलेलं स्वतंत्र सरकारी ऑफिस गुंडाळायचं ठरलं. ज्याच्या नावात ‘जॉब्स’, त्याचाच जॉब गेला! मी तर ऐकून थक्क. तुम्हाला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाकडे बोलू नका. निदान मी सांगायच्या आधी तरी नको.

आता हायड्रोजनराव कोण, असं मात्र चारचौघांत विचारू नका, लोक हसतील. मोठं घराणं आहे. विश्वातल्या मूलद्रव्यांत सगळ्यात जास्त तेच, आणि सगळ्यात हलकेही तेच. आपल्याकडे त्यांची ऊठबस थेट दिल्लीत. १५ ऑगस्ट २०२१ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून त्यांचं नाव घेतलं. ३० मार्च २०२२ला आपले नागपूरचे गडकरीसाहेब टोयोटाच्या हायड्रोजनवाल्या ‘मिराई’ गाडीत बसून संसदेत गेले. धूर नाही, वास नाही, मागच्या नळीतून निघतं ते नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मग काय विचारता! ४ जानेवारी २०२३ला केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन, ८ लाख कोटींहून जास्त गुंतवणूक आणि ६ लाखांहून जास्त रोजगार. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचं स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण आणलं. असं धोरण आणणारं आपलंच पहिलं राज्य, असं सांगायला कुणी विसरलं नाही.

आणि त्यांचे रंग पाहिलेत का? मूळचे बिनरंगी, पण मिरवतात किती! नैसर्गिक वायूपासून काढले आणि कार्बन हवेत सोडून दिला, तर करडे. तोच कार्बन पकडून जमिनीत गाडला, तर निळे. सौर किंवा पवनविजेने पाणी फोडून काढले, तर हिरवे. व्यासपीठावर बोलावतात ते फक्त हिरव्यांना. पण आतली गोष्ट अशी, की आपल्या देशात आज जो लाखो टन हायड्रोजन वापरात आहे, तो जवळजवळ सगळा करडा. तेलशुद्धीकरण आणि खतं, या दोन घरी करडे राव कित्येक वर्षं खालमानेने राबतायत. त्यांचा फोटो कधी छापून आला? नाही! हे मात्र लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

बरं, मी जरा आकडेमोड केली. करायला नको होती, पण राहवेना. २०२४च्या जानेवारीत आपल्या राज्य सरकारने सात कंपन्यांशी हरित हायड्रोजनचे सामंजस्य करार केले. गुंतवणूक २ लाख ७६ हजार कोटी, रोजगार सुमारे ६४ हजार. आता भागा. एका नोकरीमागे साधारण चार कोटी तीस लाख! तेवढे पैसे त्या माणसाच्या नावावर सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले असते, तर बसल्या जागी वर्षाला तीस लाख व्याज आलं असतं. सकाळी उठून पाळीला जायला नको, हेल्मेट नको, मुकादमाची बोलणी नकोत. केंद्राचा हिशेब त्या मानाने काटकसरीचा, एका नोकरीमागे सव्वा कोटीच्या जरा वर. आणि सामंजस्य करार म्हणजे तरी काय? उभयतांनी एकमेकांकडे बघून छान हसायचं आणि फोटोग्राफर सांगेल तोवर फाईल उघडी धरायची. पुढचं पुढे.

कंपन्यांची बाजू घेणारे म्हणतात, अहो, हा पैसा पगारासाठी नसतोच. तो सौर पॅनेलचा, पवनचक्क्यांचा, पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझरचा, टाक्यांचा, पाइपांचा, जेटीचा. अगदी कबूल! माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे? ज्या धंद्यात सगळा पैसा यंत्रालाच लागतो, त्या धंद्याची पत्रिका माणसांच्या आकड्याने का रंगवायची?

आता वायॲलाकडे वळू, कारण सगळी रंगत तिथे आहे. अ‍ॅडलेडच्या वायव्येला, स्पेन्सर आखाताच्या काठी वसलेलं हे गाव. वस्ती वीस-बावीस हजारांची. बीएचपी कंपनीने १९४१मध्ये इथे झोतभट्टी पेटवली, शेजारी जहाजबांधणी सुरू केली, १९६५मध्ये पूर्ण पोलाद कारखाना केला. सत्तरच्या दशकात वस्ती तेहतीस हजारांच्या घरात गेली होती. १९७८ला जहाजांचं काम बंद पडलं आणि गाव ओसरू लागलं. कारखान्याच्या बाजूच्या वस्तीत खनिजाची लाल धूळ अशी बसायची, की घरांच्या भिंती गुलाबी पडायच्या आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांची भीती वाटायची. लोक वैतागायचे, तक्रारी करायचे, कंपनीशी भांडायचे. पण गाव सोडून जा म्हटलं तर त्याच कारखान्याच्या गेटकडे बोट दाखवायचे. पगार तिथून यायचा ना! रेल्वेचे रूळ आणि इमारतींच्या तुळया ही इथली खासियत. ऑस्ट्रेलियातलं बांधकामाचं बरंचसं पोलाद याच एका गावातून जातं.

अशा गावाच्या जिवावर राजकारण्यांनी काय काय केलंय, विचारू नका. २०११मध्ये विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट म्हणाले, कार्बन कर आला तर वायॲला नकाशावरून पुसलं जाईल. २०१२च्या जुलैत कर लागू झाला, गाव जागच्या जागी राहिलं, आणि क्रेग इमर्सन नावाचे चक्क केंद्रीय मंत्री टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर एका जुन्या रॉक गाण्याच्या चालीवर ‘वायॲला काही पुसलं गेलं नाही’ या अर्थाचं गाणं म्हणत नाचले! हो, नाचले! शोधलंत तर अजून सापडेल. आपल्याकडे निदान नाचायला कार्यकर्ते असतात.

कर राहिला नाही, पण संकट आलं. कारखाना तोवर बीएचपीतून फुटून निघालेल्या कंपनीकडे होता, ती २०१६मध्ये प्रशासकाच्या हाती गेली. २०१७मध्ये तारणहार आले. कोण? आपल्या लुधियान्यात जन्मलेले संजीव गुप्ता! २०१८च्या डिसेंबरात त्यांनी तत्कालीन पंतप्रधान मॉरिसन यांच्या साक्षीने असा काही बेत जाहीर केला, की गावाची वस्ती काही पटींनी वाढणार म्हणे. घरमालकांनी मनातल्या मनात भाडं वाढवून ठेवलं असेल. पुढे ‘हरित पोलाद’ हे शब्द सुरू झाले. कोळशाऐवजी हायड्रोजनने लोहखनिजातला ऑक्सिजन काढायचा, म्हणजे धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडच्या जागी पाण्याची वाफ. तत्त्व बिनचूक आहे हो, त्यात खोट नाही. खोट काढायची तर पुढे या.

२०२२च्या मार्चमध्ये तिथल्या राज्याची निवडणूक. मजूर पक्षाचे पीटर मालिनॉस्कस, मूळचे दुकान कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी, म्हणजे रोजगार हा शब्द कुठे आणि कसा वापरावा हे कळणारे. त्यांनी वचन दिलं, वायॲलाजवळ २५० मेगावॉटचे इलेक्ट्रोलायझर, २०० मेगावॉटचं हायड्रोजनवर चालणारं वीजकेंद्र आणि वायू साठवायची सोय, सगळं २०२५अखेर तयार. दक्षिण ऑस्ट्रेलियात दुपारी ऊन एवढं, की वीज घ्यायला गिऱ्हाईक नसतं. त्या विजेने पाणी फोडा, वायू साठवा, रात्री जाळून वीज करा, आणि पुढे तोच वायू पोलाद कारखान्यालाही द्या. ऐकायला किती गोड! शंभर युनिट वीज ओतायची आणि रात्री तीसेक युनिट परत मिळवायची, हे मात्र जरा हळू आवाजात. पक्ष निवडून आला. ऑफिस थाटलं, कायदा केला, भागीदार कंपन्या ठरल्या.

आणि मग पाहा नियतीचा खेळ! हायड्रोजन ज्याच्यासाठी येणार, तो पोलाद कारखानाच लटपटायला लागला. २०२४मध्ये झोतभट्टी महिनोन्महिने थंड पडली. ठेकेदारांची बिलं थकली. लहान गावात ठेकेदाराचं बिल थकलं, की वेल्डरचा पगार थकतो, मग वाण्याची उधारी, मग गाडीचा हप्ता. शेवटी १९ फेब्रुवारी २०२५ला राज्याच्या संसदेने एका दिवसात दोन्ही सभागृहांतून कायदा पास करून कारखाना प्रशासकाच्या ताब्यात दिला. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान अल्बानीझ गावात हजर, आणि केंद्र-राज्य मिळून २४० कोटी डॉलरचं पॅकेज. हायड्रोजनचे पैसे कुठे गेले ते आता कळलं ना? त्यातच!

ज्यांना निंदा करायची त्यांनी केली. विरोधक म्हणाले, आम्ही सांगितलं नव्हतं? सरकार म्हणालं, योजना पुढे ढकललीय हो, टाकलेली नाही. आणि मालिनॉस्कस साहेबांची त्यावरची भूमिका ऐकलीत, तर तुम्हीही मान डोलवाल. पोलाद कारखानाच राहिला नाही, तर हायड्रोजन बनवून द्यायचा कुणाला? हाच तर मुद्दा! तीन वर्षं सगळं गाव, सगळं राज्य म्हणत होतं, हायड्रोजन आम्हाला नोकऱ्या देणार. प्रत्यक्षात नोकरी कोण शोधत होतं? हायड्रोजनराव! वायॲलात एकच जागा रिकामी होती, पोलाद कारखान्यातली. तो मालकच आजारी पडला, आणि उमेदवार अर्ज हातात घेऊन दारात उभा.

जाता जाता सांगते, वायॲलाच्या समुद्रात दर हिवाळ्यात हजारो महाकाय कटलफिश, आपल्या म्हाकुलांचे भाऊबंद, प्रजननासाठी जमतात. त्यातले छोटे नर रंग पालटून मादीचं सोंग घेतात आणि दांडगटांच्या नाकाखालून काम साधतात. गावात पर्यटक येतात ते हे बघायला. रंग पालटून रोजगार देणारं वायॲलात आजवर तेवढंच एक निघालं.

तुम्ही म्हणाल, एकच घर कशाला नासवता? बरं, दुसऱ्यांचंही ऐका. ऑस्ट्रेलियातलेच खाणसम्राट अँड्र्यू फॉरेस्ट. हायड्रोजनची आरती त्यांच्याइतक्या मोठ्या आवाजात कुणी म्हटली नाही. २०३०पर्यंत दीड कोटी टन करू म्हणत होते. २०२४च्या जुलैत त्यांच्या कंपनीने सातशे माणसं कमी केली आणि ते लक्ष्यही हळूच बाजूला ठेवलं. जर्मनीत तर आणखी तऱ्हा. आर्सेलरमित्तल या पोलाद कंपनीला ब्रेमेन आणि आयझेनह्युटनश्टाटच्या भट्ट्या हायड्रोजनसाठी बदलायला सरकार १३० कोटी युरो द्यायला तयार. २०२५च्या जूनमध्ये कंपनी म्हणाली, नको, ठेवा तुमच्याकडेच! वीज महाग, हायड्रोजन मिळत नाही. फुकटचे पैसे नाकारणारा उद्योगपती कुणी ऐकलाय का आजवर? तेव्हाच ओळखायचं, पाणी कुठे मुरतंय.

स्वीडनची कथा उलटी, म्हणून जास्त खमंग. आर्क्टिक वर्तुळाजवळचं बोडेन. मूळचं लष्करी ठाण्याचं गाव, अख्ख्या नगरपालिका हद्दीत माणसं अठ्ठावीस हजारांच्या आसपास. तिथे स्टेग्रा कंपनी, आधीचं नाव एच-टू ग्रीन स्टील, हायड्रोजनवरचा पोलाद कारखाना उभारतेय. तिथे नदीवरची स्वस्त जलवीज आहे, उत्तम लोहखनिज आहे, नाहीत ती माणसं! बेरोजगारी आधीच कमी, त्यामुळे नोकरी आहे पण घ्यायला कोणी नाही. परगावचे कामगार आणायचे, तर घरं नाहीत. घरं बांधायची, तर गवंडी नाहीत. आणि नवा माणूस बायकोमुलांसह तिथे येऊन राहणार कसा, हिवाळ्यात दिवस उजाडतो न उजाडतो तोच मावळतो. त्यात २०२५मध्ये कंपनीलाच पैशांसाठी पुन्हा दारोदार फिरायची पाळी आली. म्हणजे एका गावात माणसं आहेत आणि हायड्रोजनला गिऱ्हाईक नाही, दुसऱ्या गावात गिऱ्हाईक आहे आणि माणसं नाहीत. अशी ही कामगारांची बाजारपेठ! मोठ्या परिषदांत एक आकडा सांगतात, देशभरात इतके लाख रोजगार. पण गवंडी, फिटर, वेल्डर हे काही देशभरात राहत नाहीत, ते कुठल्या तरी एका गावात राहतात, तिथे त्यांचं घर असतं, आईचं दवाखान्याचं असतं, मुलांची दहावी असते.

आता कामाचं स्वरूप. प्रकल्प बांधताना धमाल असते, हे मान्यच करायला हवं. खोदाई, काँक्रीट, पाइपजोडणी, वीजजोडणी, क्रेन. दोन-तीन वर्षं गावातल्या खोल्यांची भाडी वाढतात, खानावळीत पंगती उठतात, पेट्रोलपंपावर रांग. मग एके दिवशी उद्घाटन होतं आणि ठेकेदाराच्या गाड्या पुढच्या साइटला जातात. मागे राहतात ते नियंत्रण कक्षातले पाळीवाले, इन्स्ट्रुमेंटचे तंत्रज्ञ, देखभालीचे फिटर, सुरक्षेचे लोक. इलेक्ट्रोलायझर म्हणजे ओळीने लावलेले कंटेनर. आत शुद्ध पाणी आणि वीज, बाहेर हायड्रोजन आणि ऑक्सिजन. एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर पाणी आणि पन्नासेक युनिट वीज. त्यात फावडं मारायला काही नाही, ओझं उचलायला काही नाही, राख वाहायला काही नाही. इथेच कोळशाची आठवण होते. कोळसा हा महाखर्चिक, महाघाणेरडा, पण माणसांना धरून राहणारा. तो खणावा लागतो, भरावा लागतो, वाहावा लागतो, उतरवावा लागतो, दळावा लागतो, आणि जळून गेला तरी त्याची राख कुणीतरी उचलावी लागते. प्रत्येक पायरीला हात, आणि हातामागे चहाची टपरी. हायड्रोजन पाइपातून गुपचूप सरकतो. बाजूला टपरी टाकावी, तर सुरक्षा अधिकारी ठिणगी नको म्हणून हाकलून देतो.

आणि तब्येत केवढी नाजूक! बारीकशा फटीतून निसटतील. पोलादाच्या पाइपात शिरून त्यालाच ठिसूळ करतील. जळायला लागले, तर उजेडात ज्योत दिसतही नाही. पूर्वी अमेरिकेत रॉकेटच्या तळावर कामगार गळतीच्या जागी कसे जायचे, माहितेय? केरसुणी पुढे धरून! हो, हातभर लांब धरलेली गवताची केरसुणी. ती पेटली, की समजायचं, ज्योत इथे आहे. चंद्रावर जाणारं यान, आणि इंधनाची चौकशी केरसुणीने! आता अतिनील आणि अवरक्त किरण टिपणारे डिटेक्टर आहेत, पण म्हणून कुणालाही वाल्व्हजवळ उभं करता येत नाही. वेल्डिंग अव्वल लागतं, गॅसकेट नेमकं लागतं, कामाची शिस्त हाडात मुरलेली लागते. म्हणजे जी थोडी कायमची कामं निघतात, ती शिकलेल्या हातांचीच. हेल्परला हे राव दारात उभं करत नाहीत.

आता खरी कानगोष्ट सांगते, जवळ या. हे शिकलेले हात आपल्याकडे कुठे आहेत? चंद्रपूरला! हसू नका. औष्णिक वीजकेंद्रातले मोठमोठी जनित्रं तापू नयेत म्हणून आत काय खेळवतात? हायड्रोजन! हवेपेक्षा हलका आणि उष्णता झटकन वाहून नेणारा, म्हणून दोनशे मेगावॉटच्या पुढच्या बहुतेक जनित्रांना तोच लागतो. चंद्रपूर केंद्र २,९२० मेगावॉटचं, २१० आणि ५०० मेगावॉटच्या संचांचं. म्हणजे व्यासपीठावर कोळशाला नावं ठेवणारे आपले राव इतकी वर्षं कोळशाच्याच घरात वारा घालायच्या कामावर होते! काय म्हणावं या दुटप्पीपणाला! देशातल्या कित्येक औष्णिक केंद्रांत तर पाणी फोडून हायड्रोजन बनवायचं स्वतःचं छोटं युनिटही असतं. त्या वायूचा दाब बघणारे, शुद्धता तपासणारे, गळती हुंगणारे, जनित्र उघडण्याआधी आतला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडने हुसकून लावणारे ऑपरेटर आणि फिटर तिथे रोज पाळी करतात. रावांचा स्वभाव त्यांना जेवढा माहीत, तेवढा दावोसला जाणाऱ्यांना नाही.

पण कुणाच्या सामंजस्य करारात त्यांचा उल्लेख आहे? ‘नवे रोजगार’ म्हटलं, की डोळ्यांपुढे येतो तो टॅबलेट हातात धरलेला, पांढऱ्या हेल्मेटमधला हसरा इंजिनिअर. चंद्रपूरचा पन्नाशीचा फिटर त्या चित्रात बसत नाही. त्याच्या केंद्रातला जुना संच उद्या निवृत्त केला, तर तो हायड्रोजनच्या नव्या प्रकल्पासाठी गुजरातच्या किंवा आंध्रच्या किनाऱ्यावर जाऊन नव्याने भाड्याची खोली शोधणार का? आणि त्याच्याबरोबर कोळसा हाताळणीत राबणारे ठेक्यावरचे शेकडो लोक? त्यांना तर कुठल्याच रंगाचे राव विचारत नाहीत.

बरं, सगळी निंदाच करते असं नको वाटायला. रावांना अलीकडे खरीखुरी नोकरी लागलीय, आणि तीही पर्मनंट! इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीत. आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने तिथे वर्षाला १० हजार टन हरित हायड्रोजन द्यायचं कंत्राट २०२५मध्ये घेतलं, किलोला ३९७ रुपये, पंचवीस वर्षांसाठी. त्याच वर्षी खत कारखान्यांना हरित अमोनिया पुरवायचे लिलाव झाले, पारादीपच्या कारखान्यासाठी भाव किलोला ५५ रुपये ७५ पैशांवर उतरला. जाणकारांनी डोळे विस्फारले, इतका कमी भाव येईल असं वाटलं नव्हतं. आता नीट बघा, हे दोन्ही घरोबे कुठे जुळले? रिफायनरीत आणि खत कारखान्यात! म्हणजे जिथे करडे राव खालमानेने राबत होते, त्याच खुर्चीवर हिरवे येऊन बसतायत. खुर्ची नवी नाही, पगार देणारा नवा नाही, कामगारही बरेचसे तेच. नवा आहे तो फक्त वायूचा उगम. आणि त्यात वाईट काय? युरोप कार्बनवर कर मागायला लागला, की आपलं पोलाद, आपली खतं अडू नयेत, एवढ्यासाठी तरी हे व्हायलाच हवं. यात वाचतात त्या चालू नोकऱ्या. वाचलेल्या नोकरीचा फोटो निघत नाही, तिची फीत कापता येत नाही, म्हणून तिचं कौतुक नाही. एरवी कामगाराच्या घरी विचारा, नवी नोकरी मोठी की हातातली टिकलेली?

आपल्या राज्यातही हायड्रोजनची मागणी धोरण आलं तेव्हा वर्षाला सुमारे ५ लाख २० हजार टन होती. थळ आणि ट्रॉम्बेला आरसीएफचे खत कारखाने कित्येक दशकं नैसर्गिक वायूपासून अमोनिया करतायत, त्याच्या पोटात हायड्रोजनच. मुंबईच्या रिफायनऱ्यांना तो लागतोच लागतो. रावांची ओळख आधीपासून असलेली ही घरं. तिथून सुरुवात केली, तर अलिबागच्या आयटीआयतल्या पोराला नेमकं काय शिकायचं ते कळेल. पण नाही, आपल्याला हवं ते कोऱ्या माळावर उभं राहणारं लाखभर कोटींचं स्वप्न!

वायॲलाचंही अजून संपलेलं नाही बरं का. २०२५च्या ऑगस्टमध्ये तो कारखाना घ्यायला कोण पुढे आलं? ऑस्ट्रेलियाच्याच ब्लूस्कोपच्या पुढाकाराने जपानची निप्पॉन, कोरियाची पॉस्को आणि चक्क आपली मुंबईची जेएसडब्ल्यू! प्रस्ताव बंधनकारक नव्हता, नुसतं ‘आम्हाला स्वारस्य आहे’ एवढंच. लुधियान्याचे गुप्ता गेले, मुंबईचे जिंदल डोकावले. त्या गावाची आणि आपल्या लोकांची काही तरी जन्मांतरीची गाठ दिसते. आता कुणीही मालक आला, तरी त्याला आधी भट्टी, रूळ आणि गिऱ्हाईक सांभाळायचंय. ते सांभाळलं, तरच रावांच्या अर्जाचा विचार.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या परिषदेत कोट्यवधींचा करार झाला आणि त्यात हजारो रोजगार लिहिलेले दिसले, तर तोंडात बोट घालू नका. सरळ विचारा, हा हायड्रोजन विकत घेणार कोण, किती वर्षांसाठी, आणि बांधकामाच्या गाड्या गेल्यावर गेटवर हजेरी लावणारे किती जण उरणार. आणि चंद्रपूरच्या त्या फिटरला बोलावलंत का, तेही विचारा. उत्तर मिळालं तर आधी मला फोन करा. बाकी सगळ्यांना सांगायचं काम माझं.